पाचवा भाग

नऊ शर्ट शिवले मी एका माणसासाठी.
एकाच मापाचे, एकाच फिकट निळ्या पॉपलिनचे,
डाव्या खिशाखाली शिवण मुद्दाम कच्ची ठेवून.
तिथूनच फुटायची असते लाल पाकाची पिशवी.
दिग्दर्शक म्हणाला, सिन्योरा, मरणार तो एकदाच,
पण आम्हाला जमेपर्यंत.

आठ लागले. नववा परत आला, कोरा.

आज बुधवार, रात्रीचे सव्वानऊ.
गल्लीत मांजरसुद्धा नाही. बारमध्ये रोक्को एकटाच
कॉफीच्या यंत्रावर फडकं फिरवतोय, मान वर करून.
कालाब्रियाच्या आमच्या ह्या किनाऱ्यावर
असल्या घराण्यांबद्दल कोणी ब्र काढत नाही.
आता मिलानोहून माणसं येतात आणि काढतात,
आणि आम्ही बघतो, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन,
जाहिराती लागल्या की लघवीला उठून.

माझा टीव्ही छपरावरच्या अँटेनाचा.
भिंतीपलीकडे दोन्ना मेलिनाचा, तो डिशचा.
नातवानं बसवून दिलाय. एक श्वास मागे चालतो.
‘ये, बस, जेव,’ काका म्हणतो पुतण्याला.
‘ये, बस, जेव,’ म्हणते भिंत.
भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला जीभ आहे, जराशी जड.

पुतण्या बंदराच्या वह्या घेऊन पळाला होता
तिसऱ्या भागात. परत आलाय. आईसाठी, म्हणतो.
काका त्याला निवडुंगाची बोंडं सोलून देतो,
काटे आपल्या बोटांत घेत.
(ते बोंडांचं खरं आहे. कुणी सांगितलं असेल त्यांना?)

आईचं काम करणारी बाई मापाला आली होती माझ्याकडे.
तोंडात टाचण्या होत्या माझ्या, तेव्हा तिनं विचारलं,
मुलगा येणार नाही हे कळलेली बाई बसते कशी?
टाचण्या काढल्या एकेक. म्हटलं, बसत नाही.
ताटं मोजते. एक उचलते. परत ठेवते.
आता बघा, तस्सं करतेय.
माझ्या आईचे हात
कुणीतरी त्या गोऱ्या मनगटांना टाचलेत.

कोसिमोचा शर्ट एकच होता.
त्याची शिवण पक्की होती, मीच घातलेली.
मासळीबाजाराच्या मागच्या पायरीवरून आणला त्याला,
आणि शर्ट मी गार पाण्यात, मीठ घालून, चारदा धुतला.
डाग गेला. भोक राहिलं.
मग रफू केलं. का, ते विचारू नका,
पुरायच्या शर्टाला कोणी रफू करत नाही.

त्याच आठवड्यात मेलिनाचा सांतो
श्टुटगार्टला गेला, मावशीच्या दुकानात पिझ्झे भाजायला.
गेला तो गेला.
कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही, तीही नाही.
बत्तीस वर्षं आम्ही शेजारणी आहोत.
तिच्या पडद्यांना काठ मी लावते, ती मला लिंबं देते,
पैसे देताना हातात देत नाही, मशीनवर ठेवते.

आता पुतण्या दाराकडे निघालाय.
पाठीवर निळं पॉपलिन, खांद्याला माझी दुहेरी टीप.
‘थांब,’ कोणीतरी हाक मारतं,
‘थांब,’ म्हणते भिंत,
तो वळतो.
गोळी.
शिवण उसवते, मी ठरवली होती अगदी तिथूनच.

मी वाट बघते.
एक श्वास. दुसरा.
पलीकडून गोळी येत नाही.

बाई किंचाळते पडद्यावर. (आमच्याकडे कोणी किंचाळलं नव्हतं.)
पलीकडून ते येत नाही.
सायरन, पाऊस, पाद्र्याची घोगरी प्रार्थना,
काहीच नाही.
फक्त एक खुर्ची सरकल्यासारखी, भिंतीच्या अगदी जवळ.

रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता.
तो शोधला,
माझाही आवाज शून्यावर आणला.

आई ताटं मोजत राहिली, ओठ हलवत.