दहाला दीड

दहा लिटर तेलाला दीड लिटर पेट्रोल.
थंडी वाढली की दोन, वर घोटभर रॉकेल.
हे प्रमाण कुठंच लिहिलेलं नाही.
बाप सांगतो खुर्चीतून,
गॅरेजच्या दारात, गुडघ्यांवर घोंगडी,
आणि मी मापात चुकले की
त्याला नुसत्या आवाजावरून कळतं,
धार जाड पडते म्हणे.

तेल किरियाकोसच्या दुकानातलं.
शुक्रवारी सगळं ब्लायनाय त्याच्याकडे मासे नि चिप्स खातं,
शनिवारी सकाळी मागच्या दाराशी
माझ्यासाठी चार डबे. काळपट, कोमट,
तळाशी पिठाचा चुरा, एखादं जळकं शेपूट.
पैसे घेत नाही.
उलट म्हणतो, नेतेस हे बरं,
फेकायला गेलो तर मलाच मोजावे लागतात.

जुन्या जीन्सचा एक पाय कापला,
खाली गाठ मारली, तुळईला टांगला.
थेंब थेंब, रात्रभर.
पँट माझ्या नवऱ्याची. तो गेला
(कार्डिफला, दुसरीकडे; मरणबिरण काही नाही)
तेव्हा दोन विसरला.
एक पाय सहा महिने पुरतो.
अजून तीन आहेत.

मग पंधरा दिवस पिंपाला हात लावायचा नाही.
पाणी आपोआप तळाला बसतं.
घाईत भरलंस तर पंप गंजेल, बाप म्हणतो.
एकतीस वर्षं त्यानं
खाणीतून पाटीचा दगड उतरवला ट्रकनं,
अर्ध्या इंग्लंडची छपरं.
ही मर्सिडीज माझ्याहून चारच वर्षांनी लहान.
नव्या गाड्यांची पोटं नाजूक,
हिला काहीही पचतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. बँगोर.
चार तास तो मशीनला जोडलेला.
रक्त नळीतून बाहेर येतं,
गाळून पुन्हा आत जातं.
पहिल्याच दिवशी त्यानं नर्सला विचारलं,
"गाळणी किती मायक्रॉनची?"
लोवरीला सांगता येईना.
तेव्हापासून त्याचा तिच्यावर पुरता विश्वास नाही.

तिनं कागद दिला, फ्रिजवर लावायला.
केळी नको. संत्री नको. टोमॅटो बेतानं.
मीठ जवळजवळ नाहीच.
बटाटा नको, खाली दोन रेघा.
बापानं कागद वाचला, घडी घातली,
आणि गाडीत बसला,
जिच्या धुराला, गादीला, हीटरच्या वाऱ्याला,
माझ्या केसांनासुद्धा
तळलेल्या बटाट्याचा वास येतो.

फेब्रुवारीत खिंडीच्या माथ्यावर ती बंद पडली.
सकाळचे सहा. उतारावर बर्फाची साय,
अंगावर निळे ठिपके मारलेल्या मेंढ्या
आमच्याकडे बघत उभ्या.
"फिल्टर तुंबला," तो म्हणाला, मी बॉनेट उघडायच्या आधी.
"आज तीन घालायला हवं होतं.
रात्री आभाळ बघितलं नाहीस?"
नव्हतं बघितलं. रात्री मी त्याच्या गोळ्या मोजत होते.

आत बस म्हटलं तर उतरला.
बॅटरी धरायला कुणीतरी हवं, म्हणाला.
फुगीर शिरांचा तो हात
त्यानं कोटात जपून ठेवला,
दुसऱ्या हातातला उजेड मात्र हलत होता,
कधी फिल्टरवर, कधी माझ्या तोंडावर,
कधी नुसताच धुक्यात.
जुना फिल्टर काढला,
आत लोण्यासारखं गोठलेलं.
नवा बसवला. बोटं माझी राहिली नव्हती.
हातपंप दाबत राहिले,
तो शेजारी मोजत होता, वेल्शमध्ये, दबक्या आवाजात,
लहानपणी मला जिना चढवताना मोजायचा तसा.
चाळिसाला थांबवलं.

किल्ली फिरवली. नाही.
पुन्हा. खोकली.
तिसऱ्यांदा ती अंगभर थरथरली
आणि मागून पांढरा ढग उठला,
सगळी खिंड
किरियाकोसच्या शुक्रवारनं भरून गेली.
मेंढ्यांनी माना वर केल्या.

बाप मागच्या बाजूला गेला.
धुरात उभा राहिला, डोळे मिटून,
छाती भरेपर्यंत.
मी हॉर्न वाजवला नाही.

मग तो सावकाश आत येऊन बसला,
पट्टा लावला,
म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

मी दुसरा गियर टाकला.
वीस मिनिटं उशीर झाला होता.