पोतं आधी

सिंदेवाहीकडून येणारी एसटी जिथे वळते
तिथे माझं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा,
आणि खाली, नंतर खडूनं वाढवलेलं,
'जुन्या क्यासेट मोबाईलमध्ये भरून मिळतील.'

कवडूजी निकुरे भर दुपारी आले.
हँडलला पिशवी, पिशवीत टॉवेल,
टॉवेलात नव्वद मिनिटांची क्यासेट.
लेबलावर कधीतरी शाई होती.
"दंडार हाये जी. मी राणी होतो."
एवढंच. मिशी पांढरीधोप.

दीड तास आम्ही दोघं ऐकत बसलो,
फीत उतरत गेली कंप्युटरात,
एका जाडजूड फाईलीत, जी कुठल्याच मोबाईलला
पेलणार नव्हती. आता तिला बारीक करायची.
प्रोग्राम उघडला. वरच्या ओळीत, काय घेऊ?
ते सोपं असतं. जे आहे ते आहे.
खालची ओळ कोरी. तिच्यात कर्सर
कुंपणावरच्या सरड्यासारखा मान हलवत,
कुठे ठेवू? काय म्हणू?

"हे काऊन थांबलं?"
म्हटलं, गिरणीत कसं, धान ओतायच्या आधी
तोटीखाली पोतं लावतात,
नाहीतर तांदूळ भुईवर.
"हो तं," कवडूजी म्हणाले. "पोतं आधी. पट्टा मंग."
पंधरा वर्षं हमाली केलेली राईस मिलमध्ये.
मला हेच कळायला चार महिने लागले होते.

सुरुवातीला मी ती ओळ कोरीच सोडायचो.
काम झालं, म्हणायचा प्रोग्राम,
हिरवी खूण दाखवायचा,
आणि फाईल कुठेच नाही.
सी ड्राइव्हच्या पोटात, नुसत्या आकड्यांचं नाव असलेल्या
फोल्डरात सापडायची रात्री अकराला,
चुकलेलं वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात
रवंथ करत बसावं तशी.

आणि एकदा,
'या नावाची फाईल आधीच आहे. बदलू?'
चारला लाईन जाणार होती. घाईत हो म्हटलं.
त्या नावाखाली शेवंता बोरकुटेच्या पोरीचं बारसं होतं.
त्याच्यावर कुणाच्या तरी वरातीचा बँड बसला.
ती आली, ऐकलं, रागावली नाही.
"बारसं तं झालंच होतं ना," म्हणाली,
आणि मी नको नको म्हणत असताना
काचेवर वीस रुपये ठेवून गेली.
तेव्हापासून त्या प्रश्नापाशी
बोट जरा अधांतरी धरतो मी.

"खरखर काढू का?" विचारलं. तशी चौकट होती.
कवडूजींनी फीत मागे घ्यायला लावली.
तिसऱ्या गाण्याआधी, पेटीचा भाता थांबतो तिथे
कुणीतरी खोकतं. दोनदा. मग सूर.
"दादाजी लोनबले. पेटीवाला.
खोकलल्याबिगर सूर देत नोता.
खरखर गेली तं खोकला बी जाईन का?"
जाईल बहुतेक. मशीनला दोन्ही सारखेच.
"मंग राहू दे जा."

आणि नाव?
मला वाटलं राणी म्हणतील, नाहीतर स्वतःचं.
गावाचं, सालाचं सांगतात लोक.
त्यांनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली.
"दादाजी लिव."
पण गाणी तुमची आहेत.
"मी हावो ना अजून. मले फाईल कायले?"

लिहिलं. पेन ड्राइव्ह निवडला, एमपीथ्री निवडलं.
त्या नावाचं दुसरं कुणी नव्हतं,
प्रोग्रामनं काही विचारलं नाही.
पट्टी सरकली, एक्केचाळीसवर लाईन गेली,
इन्व्हर्टर कुरकुरला, धरून राहिला.

नातू आला. त्याच्या मोबाईलला आपली अक्षरं येत नाहीत.
नावाच्या जागी ओळीनं रिकामे चौकोन,
रोवणीआधीच्या बांध्या जशा.
कवडूजींनी त्यातल्या एकीत बोट टेकवलं,
पाणी किती आहे पाहावं तसं.

खरखर सुरू झाली.
तिसरं गाणं यायला अजून वेळ होता.
मी स्टूल पुढे सरकवला.
ते उभेच राहिले.