तोंड तेवढंच

एकाच पिंपातून भरल्या सगळ्या,
एकाच मार्चच्या सकाळी.
ओरेस्तेला तेव्हा दात येत होते, घरभर रडत होता.
बाबांनी नळी तोंडाने ओढली, थुंकले, हसले,
हाताला लागेल ती बाटली भरत गेले:
अर्ध्या, नेहमीच्या,
आणि ती एक, चार बाटल्यांचं पोट असलेली,
तोरिनोच्या बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेली.

"पोट वाढतं, तोंड तेवढंच राहतं," बाबा म्हणायचे.
(तेवढंच नाही. मोठीचं बूच जरा रुंद होतं,
पण पोटाच्या मानाने काहीच नाही.)
"हवा बुचाच्या कडेने येते, चोरपावलांनी,
वर्षाकाठी एखादा उसासा.
अर्धीत तो घरभर होतो,
मोठीत कोपऱ्यात बसून राहतो,
पाहुण्यांच्या पोरासारखा."

अर्ध्या आईच्या.
रविवारी बाबा पत्ते कुटायला गेले
की ती एक उघडायची, हेझलनट फोडत.
लवकर मुरल्या त्या, लवकर उतरल्या.
शेवटची मी उघडली तेव्हा रंग विटेचा
आणि चव भिजल्या वर्तमानपत्राची.

नेहमीच्या गेल्या नेहमीसारख्या.
दोन डॉक्टर गारेल्लींना, बिलाऐवजी.
सहा माझ्या लग्नात.
गारपिटीच्या वर्षी उरलेल्या विकल्या, छप्पर आलं.

मोठी तळघरात, वाळूत आडवी.
"माणसं जमली की उघडू."
जमायची, पण एखादं कमी असायचं.
नेविना आत्या आर्जेन्टिनाला गेली, पत्रं यायची, मग कार्डं,
मग काहीच नाही.
बाबा गेले त्या रात्री मी किल्ली घेऊन खाली उतरले,
उगाच हात फिरवून परत आले.
चोवीस पेले भरतील एवढी ती,
आणि टेबलाशी मी, ओरेस्ते, त्याच्या गोळ्यांची डबी.

या ऑक्टोबरात शेवटची ओळ खुडून झाली
तेव्हा धुकं गुडघ्यापर्यंत होतं.
खुडणाऱ्यांना म्हटलं, चिखल असू दे पायांना, आत या.
ब्लागोय आला, त्रायान्का, तिचे दोन दीर,
सेनेगलचा मोदू, त्याला द्राक्षाचा रस.
बूच निम्म्यात तुटलं. चहाच्या गाळणीतून गाळली.

साठ वर्षं,
आणि कडेला जेमतेम नारिंगी छटा,
मध्ये लाल, हट्टी लाल,
वाळल्या गुलाबाचा वास, त्याखाली डांबराचा.
जीभ अजून धरत होती,
समजूत न घालता येणाऱ्या पोरीसारखी.

ओरेस्तेला डॉक्टरने एकच घोट सांगितलाय.
त्याने तो बराच वेळ तोंडात ठेवला.
मग म्हणाला,
"ही माझ्याहून लहान आहे."

जाताना त्रायान्काने रिकामी बाटली मागितली,
मिरच्या मुरवायला.
तोंड बघ, म्हटलं.
तिने बोट घालून पाहिलं.