हवा कुठे मुरते

चढ लागला की ती मान टाकते.
कुहमोच्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये,
टर्बोचा काटा पांढऱ्यातून पिवळ्यात शिरणार
एवढ्यात धाप,
आणि मागे सायलेन्सरात बार उडतो.
एक. थोडं थांबून दुसरा.

ऑक्टोबर, एल्कच्या शिकारीचा महिना.
तोर्स्ती कुंपणाशी येऊन विचारतो,
"लागला का नेम?"
अजून नाही, म्हणते मी.
त्याचा कुत्रा तीन दिवस
सरपणाच्या ढिगामागून बाहेर आलेला नाही.

पैसे आधी गेले, विचार नंतर आला.
चार प्लग नवे, डिस्ट्रिब्युटरची टोपी नवी,
वायरी, पेट्रोलचा फिल्टर.
जुने प्लग मी खिडकीत ओळीने मांडले:
चौघांचीही तोंडं काळी,
बोटाला लागणारी मऊ काजळी.
ते सांगतच होते की,
पोट तुडुंब आहे, श्वास पुरत नाही.
मला तेव्हा वाचता आलं नाही,
मी आपली बिलं वाचत होते.

शेवटी ओइव्हामामाला फोन.
तीस वर्षं किनाऱ्यावरच्या कारखान्यात
याच गाड्यांना दारं बसवायचा तो. फक्त दारं.
"जागेवर उभी असताना कशी चालते?"
लोण्यासारखी.
"मग दाब आला की काहीतरी उघडतंय.
एरवी मिटून असतं.
माणसाचंही तसंच, असं मी म्हणणार नाही,
तू मोठी झालीस आता."

मग त्याने समजावलं, खोकत खोकत:
हवा मोजणारा मीटर अगदी तोंडाशी बसलाय,
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा.
इतकी आत गेली, तो नोंदवतो,
आणि त्या बेताने पेट्रोल सुटतं.
पुढे वाटेत हवा पळाली
तर त्याला पत्ता नाही.
तो खोटं बोलत नाही,
वळून तेवढं बघत नाही.
ज्याच्या वाटची हवा हरवली ते पेट्रोल
तसंच पुढे जातं, तापल्या नळीत पेट घेतं.
"पाणी कुठे मुरतंय ते शोधतात ना,
तशी तू हवा शोध."

जॅमच्या बरणीचं झाकण,
त्याला भोक, भोकात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह.
टर्बोच्या तोंडावर ते आवळून
मी पंप मारायचा, धावत बॉनेटपाशी यायचं,
ब्रशने साबणाचं पाणी फासायचं,
पुन्हा पंपाकडे.
गॅरेजमध्ये उणे चार.
फेस धातूवर गोठून साखरेसारखा दिसायला लागला.
बुडबुडा एक नाही.
डोळ्यांना दिसेल तेवढं सगळं धडधाकट होतं.

हातमोजा काढला तो कंटाळून,
अक्कल म्हणून नव्हे.
इंटरकूलरच्या होजखाली, पालथ्या बाजूला,
जिथे बॅटरी मध्ये येते आणि नजर पोचत नाही,
तिथे मनगटावर कुणीतरी फुंकर घातली.

नखाएवढी चीर.
तिच्यावर तेलात भिजून सुटलेली पट्टी,
तीन नेटके वेढे, माझे नव्हेत.
आरशाचा तुकडा खाली धरून वाचलं,
उलट्या अक्षरांत, पांढऱ्या पेनाने:
"तात्पुरतं. ६ डिसेंबर २००३."
सगळा देश मेणबत्त्या लावून घरात बसतो
त्या दिवशी हा कोण गृहस्थ
इथे हात घालून उभा होता?
त्यालाही कुणी विचारलं असेल का,
नेम लागला म्हणून?

नवा होज यायला बारा दिवस.
मी पट्टी सोलली, जागा पुसली,
नवे तीन वेढे दिले, चौथाही दिला.
तारीख लिहिली. "तात्पुरतं" लिहिताना
पेन थोडं अडखळलं, थंडीने.

चढावर काटा पिवळ्यात गेला आणि राहिला.
सीटने पाठीला धक्का दिला,
विसरलेच होते ती असं करते.
बार नाही.

उतारावर पाय काढला तेव्हा एक झाला,
लहानसा, शिंकेएवढा.
मामा म्हणाला, तो आजार वेगळा,
सोमवारी कर फोन.