हूल

आमागासाकी स्टेशनामागचा लोखंडी जिना चढून
सिगारेटचा वास भिंतींनी अजून सोडला नाही त्या खोलीत
शंभर येनच्या नाण्यांची चळत यंत्राच्या काठावर रचून
चिगुसा बसते. रात्रपाळीवरून थेट.
फोर्कलिफ्टचे हातमोजे मांडीखाली.

तिचा गडी कंदीलवाला म्हातारा. दुसरं कुणी घेत नाही त्याला.
चाल मंद, उडी आखूड,
आणि जोराचा डाव एकच: कंदील डोक्यावर नेतो
आणि आपटतो.
लागला तर अर्धा जीव जातो.
अडवला तर म्हातारा वाकलेलाच राहतो,
वीस फ्रेम, सेकंदाचा तिसरा हिस्सा,
तेवढ्यात माझ्यासारखा नवशिकाही त्याला लोळवेल.

पण कंदील वर असताना एक बटण दाबलं
की तो उतरतो. अलगद.
जणू म्हाताऱ्याने नुसतं वर बघितलं, पाऊस आहे का ते.

एवढ्याच भांडवलावर
तिने मला अकरा वेळा घरी पाठवलं.

मधली लाथ मी अडवतो. कंदील वर.
उभा राहून वाट बघतो, तर कंदील उतरलेला
आणि तिचा पाय माझ्या घोट्यात.
बसून राहतो, तर टाळूवर.
उभं की बसू या विचारात थिजतो,
ती दोन पावलं येते, गचांडी धरते, फेकते.
आणि वैतागून ठोसा हाणावा
तर म्हातारा कधीचाच हात आडवे घेऊन उभा,
माझाच ठोसा माझ्या अंगाशी.
तिचं काहीच जात नाही. हेच खुपतं.
लहानपणापासून मला वाटायचं
हात उचलला म्हणजे मारायलाच हवं.

"ठरवतेस कधी?" मी यंत्रावरून मान काढून विचारलं.
"मी कुठे ठरवते," ती पलीकडून म्हणाली.
"कंदील वर नेते आणि ऐकते.
निशिवाकी, तू घाबरलास की तुझी दांडी खडखडते."

पाठीला पाठ लावलेली यंत्रं. मधे पत्रा, दोन बोटं जाड.

बारावा डाव.
दांडी मागे ओढून धरली, घट्ट, मुकी.
बटणांवरचा हात उचलून मांडीवर ठेवला,
की उगाच चाळा नको.
लाथ. अडवली. कंदील वर.
खोलीत कोपऱ्यातल्या शीतपेयांच्या यंत्राची घरघर तेवढी.
तिने ऐकलं असणार. काही आलं नाही.
आणि पहिल्यांदाच
तो कंदील पूर्ण खाली आला,
मी उभा होतो, अडवला,
म्हातारा वाकला.
वीस फ्रेम!
सगळी मान माझ्यापुढे उघडी,

आणि माझा हात मांडीवर.

तो बटणांपर्यंत पोचेतो
म्हातारा सरळ झाला होता, धोतर झटकल्यासारखा.
पत्र्यापलीकडून
चिगुसाचं हसू आलं, नाकातून, दमलेलं.
तिने चळतीतलं एक नाणं
वरून माझ्याकडे सरकवलं.