पाणी बाधतं

तीन वर्षं मी ओढ्याकाठी बसून पाण्याचा हिशेब लिहिला.
पाण्याचा म्हणजे, पाण्यातल्या पायांचा.
कोण उतरलं, किती वाजता, कुठवर भिजलं:
घोटा, गुडघा, कंबर.
महिन्याला पगार, वर एक छत्री आणि एक घड्याळ.
बाहियाच्या पोटातलं आमचं गाव,
कसाव्याची शेतं, एक चर्च, नळ नाही.

देओलिंडाच्या दोन मुली, डोर्वा आणि लुसिमारा.
डोर्वा म्हणजे मासळीच.
कपडे धुऊन झाले तरी पाण्यात,
बदकं हाकायला पाण्यात, रुसली तरी पाण्यात.
माझ्या वहीची निम्मी पानं तिनंच भरलेली:
कंबर, बेचाळीस मिनिटं.
कंबर, एक तास, हाका मारूनही येत नाही.
लुसिमारा दगडावरून बादली बुडवायची
मांजरासारखी, स्कर्ट मुठीत धरून.
घोटा, चार मिनिटं.

आणि पोट फुगलं लुसिमाराचं.

शहरातून आलेल्या इव्हानेतेबाईंनी
आगपेट्यांतून गोळा केलेले नमुने काचेवर पसरले,
किड्यांची अंडी मोजली.
डोर्वाच्या नावापुढे चोवीस.
लुसिमाराच्या नावापुढे नऊशे साठ.
मला वाटलं, माझीच वही चुकली.
रात्री कंदिलाशी बसून पुन्हा बेरीज केली.
बेरीज बरोबर होती.

देओलिंडानं तोवर मुलीला झोडपलंही होतं.
"चोरून डुंबतेस. कुणाला फसवतेस?"
एका हातानं मारत होती,
दुसऱ्या हातानं पोट चाचपत होती.
मी साक्ष द्यायला हवी होती.
माझ्याकडे तारीखवार पुरावा होता.
मी लिहीत बसले.

पुढच्या वर्षी बाईंनी रक्त घेतलं, सबंध गोताचं,
आणि जेवणाच्या टेबलाएवढ्या कागदावर
चौकोन काढले, गोल काढले.
चौकोन पुरुष, गोल बायका, मेलेल्यांवर तिरपी रेघ.
"हे तुमचे वडील, अनीसियो. कशानं गेले?"
"दारूनं," देओलिंडा म्हणाली.
मग जरा वेळानं:
"प्यायचा नाही तो. थेंबही नाही.
पोट घागरीएवढं झालं, तेव्हा गाव म्हणालं दारू,
म्हणून मीपण म्हटलं.
शवपेटी उचलायला चारच माणसं होती,
त्यातली एक मी."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.
म्हणाल्या, गोगलगायीतून सुटलेली अळी
दोघी बहिणींच्या कातडीतून सारखीच शिरते.
आत गेल्यावर कुणाचं रक्त तिला उंबऱ्यावरून हाकलतं,
कुणाचं तिला पाट मांडून देतं.
अन्न एकाच्या अंगी लागतं, एकाच्या नाही,
तसंच पाणी.
पाटाचं हे असं आधीच ठरून येतं,
जन्माच्या आधी.

"म्हणजे मी दिलं तिला?"
"अर्धं तुम्ही. अर्धं तिच्या बापानं."
साओ पाउलोला गेला तो गेला, पत्र नाही, पैसा नाही;
घरातल्या कशाचातरी अर्धा भार
त्या माणसानं पहिल्यांदाच उचलला होता.
देओलिंडा हसली. वाईट हसली.
मग अनीसियोच्या चौकोनावर
तिनं अंगठा ठेवला, तिरप्या रेघेवर,
आणि आम्ही कागद गुंडाळायची वाट बघत उभे राहिलो.

गोळ्या मिळाल्या. पोट उतरलं, बरंचसं.
नळ आला नाही.
सोमवारी लुसिमारा बादली घेऊन आली,
स्कर्ट मुठीत धरून दगडावर थांबली,
एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
मी वही मिटली. हे नियमात नव्हतं.
तिच्या हातातली बादली घेतली आणि उतरले.

माझं रक्त कुणी घेतलं नव्हतं.
आत कुणी पाट मांडून बसलंय की काय,
मला काय ठाऊक.

गुडघा. दोन मिनिटं.
हे कुठेच लिहिलेलं नाही.