नळ चावतो

मला फक्त आरशावर एक दिवा हवा होता.
मोतीबिंदू काढल्यापासून आई
त्या पिवळ्या बल्बखाली कवळी शोधते,
चाचपडत, पुटपुटत.

वाटलं, तासाभराचं काम.
सलदार तडवी आला यावलहून, सव्वानऊच्या एस्टीनं.
चपला दाराबाहेर काढल्या,
आणि बाथरूममध्ये शिरताना पुन्हा आणून घातल्या.
मी बघतच राहिले, तर म्हणाला,
"ताई, देवघरात अनवाणी. इथे नाही."

चौऱ्याऐंशीची बिल्डिंग. नानांनी
लोको शेडच्या पतपेढीतून कर्ज काढून घेतलेला फ्लॅट.
त्याने मेन पाडला. टेस्टर लावला.
मग चालू प्लगमध्ये जाऊन तोच टेस्टर तपासला,
परत आला, परत लावला.
बटणाची पाटी उघडली : झुरळांची अंडी, चुना,
आणि दोन वायरी, ज्यांचं रबर
बोटात चुरलं, शिळ्या कळण्याच्या भाकरीसारखं.

"बटण न्यूट्रलवर आहे.
दिवा विझतो, पण होल्डर जागाच.
बल्ब कोण बदलायचं?"
"नाना," मी म्हटलं. "आंघोळ झाल्या झाल्या.
ओल्या पंच्यावर, स्टुलावर चढून."
तो काही बोलला नाही.
स्क्रू ड्रायव्हर दातात धरला
आणि वर बघत राहिला थोडा वेळ.

मग हिरवी वायर.
ती कुठे जाते हे आमच्या घरात
कधी कुणी विचारलंच नव्हतं.
तो तिच्या मागे मागे गेला, प्लास्टर फोडत,
गिझरपासून खाली, आरशामागून,
नळाच्या लोखंडी पाइपापर्यंत. तिथे चार वेढे.
आणि त्याखाली वीतभर अंतरावर
पाइप संपलेला. पुढे प्लास्टिक.
सोसायटीने लाइन बदलली तेव्हा
सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

"गिझर गळतो," तो म्हणाला. "पाणी नाही, करंट.
ही वायर त्याला जमिनीत नेणार होती.
आता नळापर्यंत नेते
आणि तिथेच सोडून देते."

आई दारात उभी होती, कवळीशिवाय.
"सांगतलं व्हतं ना तुले.
नय चावतो म्हनून."

सांगितलं होतं. अकरा वर्षं.
मी तिला बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली,
उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर,
जळगावला नसांचा डॉक्टर, दोनदा.
मी स्वतः थंड पाण्याने, स्लीपर घालून, घाईत.
ती अनवाणी,
पहिल्या तांब्याला तापीमायचं नाव घेत.
आई, वय झालं, असं म्हणाले होते मी.
डाव्या हाताला वय आधी येतं, असंही.

तासाचं काम पाच दिवस चाललं.
गिझर भंगारात गेला. बटण दाराबाहेर आलं.
बिल्डिंगमागे आठ फूट खड्डा, तांब्याची पट्टी,
कोळसा, मीठ. सेक्रेटरी बोंडे म्हणाले,
माझ्या स्कूटरची जागा जाते.
गेली.

दिवा लागला शेवटी : जाड काचेचा, रबराच्या कडेचा,
शॉवरपासून त्याने टेपने मोजून लांब.
बिल लिहिलं केळीच्या खताच्या पावतीमागे.
जाताना पॅनेलवरचं एक छोटं बटण दाखवलं.
"महिन्यातून एकदा दाबा.
घर बंद पडलं म्हणजे ते जागं आहे."

आई रोज दाबते.
पंचेचाळीस डिग्रीत, भर दुपारी, टक्,
पंखा थांबतो, मालिका थांबते, मी ओरडते.
नळाला नवव्या दिवशी पाणी येतं भुसावळात,
त्यातला एक तांब्या ती खड्ड्यासाठी काढून ठेवते
आणि मला दोन जिने उतरायला लावते.
माती ओली राहिली पाहिजे, तडवी म्हने.

सकाळी ती आत असते, नव्या उजेडात, बराच वेळ.
पाण्याचा आवाज येतो. मध्येच थांबतो.
नळावर हात ठेवून उभी असेल.

झिणझिण्या गेल्या का,
मी अजून विचारलेलं नाही.